गिटारचा ध्वनिवर्धक : घरासाठी आणि रंगमंचासाठी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



ह्या व्यासपीठावरून विवाह, शिक्षण, शेती व वसतिगृह ह्या विषयांवर बोलण्याची आपली रीत आहे. तेथे गिटारच्या ध्वनिवर्धकासारखा विषय आम्ही घ्यावा, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु गोंदिया शहरातच नव्हे, तर तिरोडा, आमगाव, गोरेगाव, देवरी अशा ठिकाणीही आपल्या समाजाच्या घरांत आज गिटार आली आहे. मुलगा किंवा मुलगी गिटार शिकू लागते. वर्ष-सहा महिने जातात. आणि मग एके दिवशी दुसरी मागणी पुढे येते. आता ॲम्प्लिफायर हवा. आईबापांना त्या वस्तूची ओळख नसते, दुकानदार मोठ्यात मोठी पेटी दाखवितो, आणि धान विकून आलेल्या पैशांतून अशी एखादी वस्तू घरात येते की जी घरात वाजविता येत नाही व मैदानात पुरी पडत नाही.

पैसा वाया जाणे ही त्यातली सर्वांत लहान हानी होय. शेजाऱ्याची झोप जाते, वाजविणाऱ्याचे कान कायमचे दुखावतात, आणि वीज नीट जोडलेली नसेल तर जिवावरही बेतते. म्हणून हा विषय केवळ हौसेचा नसून कुटुंबाच्या विचाराचा आहे, असे आमचे नम्र मत आहे.

आमचे सांगणे थोडक्यात असे : ध्वनिवर्धक त्यावर लिहिलेला वॅटचा आकडा पाहून निवडू नये, तो कोठे वाजणार आहे, ती जागा पाहून निवडावा. घराचा निराळा, रंगमंचाचा निराळा, आणि मैदानासाठी तर तो घ्यावयाचाच नाही. हे असे का, ते आता क्रमाने पाहू.

प्रथम ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेले बारीक तारेचे वेटोळे. पोलादी तार हलली की त्या वेटोळ्यात अत्यंत क्षीण वीज उत्पन्न होते. ध्वनिवर्धक त्या क्षीण विजेला आधी थोडे बळ देतो, मग तिच्यातील खर्ज व तीव्र स्वरांचे प्रमाण जुळवितो, मग तिला पुरती ताकद देऊन स्पीकरकडे पाठवितो. १९३२ साली अमेरिकेत रिकेनबॅकर यांच्या कारखान्याने पिकअप बसविलेली हवाईयन गिटार विक्रीस आणली. आपल्याकडे ही विजेची गिटार हिंदी चित्रपटगीतांच्या धुनांतून घरोघर ऐकली गेली. व्हॅन शिपले यांच्या ध्वनिमुद्रिका जुन्या पिढीतील कित्येकांच्या स्मरणात असतील.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गिटारचा ध्वनिवर्धक हा सभेतील भाषणाच्या ध्वनिवर्धकासारखा नव्हे. सभेचे यंत्र जसा आवाज आत जातो तसाच बाहेर यावा यासाठी असते. गिटारचे यंत्र मात्र आवाजाला स्वतःचा रंग देते. त्याचा स्पीकर फार तीव्र स्वर मुद्दामच बाहेर टाकीत नाही, त्यामुळे तारेचा कर्कशपणा गळून पडतो. तात्पर्य, इलेक्ट्रिक गिटार हे अर्धे वाद्य असून ध्वनिवर्धक हे त्याचे उरलेले अर्धे होय. म्हणूनच ती गिटार थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडली म्हणजे आवाज मेलेला तरी येतो किंवा कानाला टोचतो तरी.

तेव्हा खरेदीपूर्वी पहिला प्रश्न विचारावा तो असा की, घरातील गिटार कोणत्या जातीची आहे? ती नुसती लाकडी पोकळ गिटार असेल आणि तिला पिकअप नसेल, तर ध्वनिवर्धक जोडावयास जागाच नाही. घरी तो लागत नाही आणि रंगमंचावर एक माइक पुरतो. पोकळ गिटारला बुडाशी पिकअप व ९ व्होल्टची बॅटरी बसविलेली असेल, जिला मुले 'सेमी-अकौस्टिक' म्हणतात, तर तिला सर्व स्वर स्वच्छ देणारा अकौस्टिक गिटारचा ध्वनिवर्धक हवा. मिक्सरला थेट जोडूनही तिचे काम बहुधा भागते. सपाट, भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार असेल तरच आपण ज्याविषयी बोलत आहोत ती पेटी हवी. आणि घरात की-बोर्ड किंवा बेस गिटार असेल तर ती गिटारच्या पेटीला जोडू नये. बेस गिटारच्या खर्जाने लहान स्पीकरचा कागदी पडदा फाटतो.

आता वॅटविषयी. दहा वॅटच्या पेटीपेक्षा शंभर वॅटची पेटी दहापट मोठ्याने वाजेल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. आपला कान त्या हिशेबाने ऐकत नाही. वॅट दुप्पट केले असता आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि तो फरक जेमतेम जाणवतो. वॅट दसपट केले तर १० डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो सुमारे दुप्पट वाटतो. म्हणजे किंमत व वजन अनेक पटींनी वाढवून आपण मिळविले काय, तर दुप्पट आवाज! उलट त्याच वॅटवर अधिक कार्यक्षम स्पीकर बसविला असता ३ डेसिबल फुकट मिळतात. म्हणून वॅटइतकेच स्पीकरलाही महत्त्व आहे.

शिवाय खोक्यावरचा आकडा नेहमी खरा असतोच असे नाही. पीएमपीओ या अक्षरांपुढे हजारोंचे आकडे छापलेले आपण पाहिले असतील. ते क्षणभराच्या काल्पनिक शक्तीचे आकडे असून त्यांना काही अर्थ नाही. आरएमएस ह्या अक्षरांपुढील आकडा तेवढा विचारावा, आणि दुकानदार तो सांगू शकत नसेल तर त्या वस्तूस दुरूनच नमस्कार करावा.

घरच्या सरावाकडे वळू. आपली घरे कशी आहेत? गोंदियाच्या दाट वस्तीत भिंतीला भिंत लागलेली. एका खोलीत आजोबा निजलेले, दुसरीत बहीण दहावीचा अभ्यास करीत असलेली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ठरविलेली आहे. दोन माणसे समोरासमोर बोलतात तो आवाजही ६० च्या आसपास जातो. अशा घरात पाच ते दहा वॅटची, सहा ते आठ इंची स्पीकरची पेटी पुष्कळ झाली. तिला हेडफोनची जागा अवश्य असावी आणि मोबाइलवरील गाणे जोडून त्याबरोबर वाजविण्याची सोय असावी. बॅटरीवर चालणारी मिळाल्यास भारनियमनाच्या वेळीही सराव खंडित होत नाही. हेडफोनची ही एक सोय लहान दिसते, पण तिच्यामुळे घरातील मुलीलाही संध्याकाळी, स्वयंपाकघरातील व दिवाणखान्यातील वर्दळीत, कोणाची परवानगी न मागता तासभर वाजविता येते. आमच्या मते ह्या एका कारणासाठीच ती घ्यावी.

कोणी म्हणेल, "आताच मोठा घेतला तर पुढे रंगमंचावरही कामास येईल." हा विचार काटकसरीचा वाटतो, परंतु तो फसवा आहे. पन्नास किंवा शंभर वॅटची पेटी घरात वाजवावयाची म्हणजे आवाजाचे बटण जवळजवळ शून्यावर ठेवावे लागते. तेथे ते बटण हळुवार चालत नाही. केसभर फिरविले की एकदम गडगडाट होतो. व्हॉल्व्हच्या पेटीचे तर विशेषच. जुन्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह तिच्यात असतात, आणि तिचा नामांकित गोडवा ती बऱ्यापैकी मोठ्याने वाजू लागल्यावरच प्रकट होतो. लंडनमध्ये जिम मार्शल यांनी १९६२ च्या सुमारास अशा पेट्या बनविण्यास आरंभ केला आणि त्यांचे नाव जगभर झाले, हे खरे. परंतु त्या पेट्या मोठ्या सभागृहांत ढोलाच्या बरोबरीने वाजण्यासाठी होत्या, आपल्या माजघरासाठी नव्हत्या. नवशिक्यास ट्रान्झिस्टरची किंवा आजकालची डिजिटल पेटी स्वस्त, हलकी व टिकाऊ पडते. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण येथे पैशाइतकीच खोलीच्या लांबीरुंदीलाही लागू आहे.

कानांविषयी दोन शब्द बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सोसता येतो, असे कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांचे प्रमाण आहे. पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते : ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, आणि १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे. ढोलक, ऑक्टोपॅड व गिटार एका लहान खोलीत सरावाला बसली म्हणजे शंभराचा आकडा सहज गाठला जातो. कानाच्या आतील सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर ती दाद नव्हे, ती सूचना आहे. हेडफोन लावूनही हाच नियम पाळावयाचा असतो, हे मुलांस बजावून सांगावे.

आता रंगमंच. आपला प्रदेश झाडीपट्टीचा. दिवाळी झाली, धान कापणीला आले की गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतात, आणि रात्री दंडार किंवा नाटक उभे राहते. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा येथून निघणाऱ्या नाटक मंडळ्या हिवाळाभर चारही जिल्ह्यांत फिरतात. ह्या रंगभूमीवर आयुष्य वेचणारे श्री. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीपट्टीचाच गौरव झाल्याचे समाधान आपणांस वाटले. ह्या नाटकांत पूर्वी ऑर्गन व तबला असे. पुढे की-बोर्ड व ऑक्टोपॅड आले. आणि गिटार शिकलेल्या आपल्या तरुणांना येथे, लग्नसमारंभांत व गणेशोत्सवात वाव आहे.

तर मग मैदानातील हजारो माणसांसाठी केवढी पेटी घ्यावी? हिशेब करून पाहू. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, कारण तो परत फेकावयास भिंती नसतात. पेटीपासून एक मीटरवर ११० डेसिबल असतील तर दोन मीटरवर १०४, चारवर ९८, आठवर ९२, सोळावर ८६ आणि बत्तीस मीटरवर ८० उरतात. म्हणजे शेवटच्या रांगेला पुरावे म्हणून पेटी वाढवावी तर पहिल्या रांगेत बसलेल्या लेकरांचे कान फुटावयाचे! एका जागी ठेवलेली पेटी, मग ती कितीही मोठी असो, मैदान सम प्रमाणात भरू शकत नाही.

ह्याचा दाखला जगातील सर्वांत गाजलेल्या वाद्यवृंदाने दिला आहे. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स ह्या चौघांचा कार्यक्रम झाला. श्रोते सुमारे ५५ हजार. त्यांच्यासाठी व्हॉक्स कंपनीच्या शंभर वॅटच्या पेट्या होत्या, आणि गाणे मैदानाच्या घोषणांच्या कर्ण्यांतून जात होते. परिणाम असा झाला की, प्रेक्षकांच्या आरोळ्यांपुढे वादकांना आपला स्वतःचाही आवाज धड ऐकू येईना. पुढे जगाने जो धडा घेतला तो मोठ्या पेटीचा नव्हे, तर कामाच्या वाटणीचा. गिटारची पेटी वादकाला व त्याच्या साथीदारांना ऐकू येण्यापुरती वाजावी. तिच्यापुढे एक माइक ठेवावा. आणि मैदान भरण्याचे काम साउंडवाल्याच्या मोठ्या स्पीकरांनी करावे.

ही वाटणी मान्य केली म्हणजे रंगमंचाची पेटी आपोआप लहान होते. ढोलक व ऑक्टोपॅड यांच्या शेजारी स्वच्छ ऐकू येण्यास तीस ते पन्नास वॅटची, दहा किंवा बारा इंची स्पीकरची ट्रान्झिस्टर पेटी पुरते. व्हॉल्व्हची असेल तर पंधरा-वीस वॅटचीही. पेटी जमिनीवर ठेवू नये. गिटारचा स्पीकर आवाज विजेरीच्या झोतासारखा सरळ फेकतो. तो वादकाच्या गुडघ्यांवरून निघून जातो, आणि कानाला ऐकू येत नाही म्हणून बिचारा आवाज वाढवीतच राहतो. पेटी खुर्चीवर ठेवावी किंवा मागे टेकवून तिरपी करावी. ह्या एका युक्तीने कित्येक वॅट वाचतात.

दुकानात, मग ते गोंदियात असो की सुमारे १३० किलोमीटरवरील नागपुरास, पारख कशी करावी? आपली गिटार व आपली केबल बरोबर न्यावी. दुकानातील भारी गिटारवर कोणतीही पेटी गोड वाजते. सर्व कृत्रिम परिणाम बंद करून प्रथम साधा, स्वच्छ आवाज ऐकावा. तो वाईट असेल तर बाकीची पन्नास बटणे निरुपयोगी होत. न वाजविता आवाज वाढवून गुणगुण किती येते ते पाहावे. मग वाजविणे दुसऱ्याकडे सोपवून आठ-दहा पावले मागे जाऊन ऐकावे, कारण श्रोते तेथे बसतात. पेटी एकदा स्वतः उचलून पाहावी. ती एसटीच्या बसमधून अर्जुनी-मोरगावला नेणे आपल्यालाच आहे. आणि ती बिघडल्यास दुरुस्त कोण करील, हे विचारल्यावाचून पैसे मोजू नयेत. परदेशातील आप्ताने प्रेमाने अमेरिकेची पेटी आणली, तर ती बहुधा १२० व्होल्टची असते. आपल्या २३० व्होल्टला योग्य ट्रान्सफॉर्मरवाचून लावली की तत्क्षणी जळते.

शेवटी आम्ही ज्यासाठी मुख्यतः उभे राहिलो ती गोष्ट. गिटारच्या तारा ध्वनिवर्धकाच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. वादकाचा हात तारांवर आणि ओठ माइकच्या धातूला. पेटी व माइक यांपैकी एकाचेही अर्थिंग तुटलेले असेल व त्यात वीज उतरली असेल, तर ती वादकाच्या शरीरातून मार्ग काढते. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वे हा तरुण गिटारवादक अशाच प्रकारे, हजारभर श्रोत्यांपुढे, रंगमंचावर मृत्यू पावला. १९७६ च्या मे महिन्यात कीथ रेल्फ हा वादक स्वतःच्या घरी अर्थिंग नसलेल्या गिटारमुळे गेला. मग आपल्या मंडईचे मैदान डोळ्यांपुढे आणावे. हिवाळ्याची रात्र, धानाच्या बांधीवर उभारलेला मंच, दवाने ओली झालेली जमीन, खांबावरून ओढलेली तात्पुरती तार, आणि प्लगचा तिसरा पाय मोडून बसविलेली पिन! आपली मुले तेथे अनवाणी उभी राहून वाजवितात.

उपाय कठीण नाहीत. तीन पिनांचा प्लग कधीही मोडू नये. पेटी, मिक्सर व की-बोर्ड ही सर्व एकाच बोर्डावरून चालवावीत. त्या बोर्डाला ३० मिलिॲम्पिअरला वीज तोडणारा आरसीसीबी बसवावा. बिछायत केंद्रवाल्यास किंवा साउंडवाल्यास ठरविताना ही अट आधीच घालावी. मंच व जनित्र यांचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. पायांत कोरडे जोडे असावेत. आणि व्हॉल्व्हची पेटी प्लग काढल्यावरही घरी उघडू नये, तिच्यात प्राणघातक वीज साठून राहिलेली असते.

रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक उघड्यावर न वाजविण्याचा नियम आहे. राज्य सरकार वर्षातील पंधरा दिवसांपर्यंत ही वेळ बारापर्यंत वाढवू शकते. कार्यक्रमाची परवानगी घेताना संयोजकांनी तेही पाहावे.

बंधुभगिनींनो, आमच्या दोन सूचना आहेत. पहिली कुटुंबांना : घरासाठी लहान, हेडफोनची सोय असलेली पेटीच घ्यावी, आणि त्यासाठी कर्ज काढू नये. दुसरी मंडळाला : लग्नकार्यासाठी मोठी भांडी व सतरंज्या सामाईक ठेवण्याची चाल आपल्या समाजांत जुनी आहे. त्याच न्यायाने रंगमंचाची एक चांगली पेटी, एक माइक आणि आरसीसीबी बसविलेला एक वीजबोर्ड मंडळाने सामाईक घ्यावा व नाममात्र देणगीवर तो गरजू वादकांस द्यावा. वर्षातून चार-सहा रात्री लागणारी वस्तू प्रत्येक घराने विकत घेण्याचे कारण नाही. ज्या शेतमजुराच्या मुलाने कशीबशी गिटार मिळविली आहे, त्यालाही मग मंचावर इतरांच्या बरोबरीने उभे राहता येईल, आणि तो वाजवून सुखरूप घरी येईल.

ह्या सूचनांचा कार्यकारिणीने अवश्य विचार करावा, अशी आमची विनंती आहे.